बायपास, 60 हजारांचं डिपॉझिट आणि बदललेली महात्मा फुले योजना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडहिंग्लज तालुक्यातलं पांढऱ्या रेशनकार्डाचं कुटुंब. वडील 74 वर्षांचे. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले, बायपास करायला सांगितली. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात उत्तर मिळालं, "योजनेचे नियम बदललेत, पैसे वेळेवर येत नाहीत. आत्ता 60 हजार भरा, मंजुरी आली की परत देऊ." याच वर्षी घरातल्या सुनेच्या उपचारावर योजनेतले 1 लाख 80 हजार खर्ची पडले आहेत. मग वडिलांसाठी शिल्लक किती, 60 हजार भरायचे का, आणि नेमकं बदललंय तरी काय?

आधी पैशांचं. 60 हजार भरू नका. महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या या मोफत उपचारांच्या योजनेत, "आधी भरा, नंतर मिळतील" हा प्रकारच नाही. सरकारचा पैसा रुग्णालयाच्या खात्यावर जातो, रुग्णाच्या खात्यावर येण्याची सोयच ठेवलेली नाही. खासगी मेडिक्लेममध्ये बिलं जोडून परतावा मागता येतो, इथे येत नाही. म्हणजे परत देणं हे रुग्णालयाच्या मर्जीवर, आणि पावती 'डिपॉझिट' अशी न फाडता 'तपासण्या व औषधे' अशी फाडली असेल तर विषयच संपला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: नोंदणी न करता रोखीने उपचार घेतले आणि डिस्चार्ज झाला, की मागाहून योजनेत बसवता येत नाही. जे करायचं ते रुग्ण खाटेवर असतानाच.

पैसे उशिरा येतात ही रुग्णालयांची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. त्यामागचं गणित कळलं तर समोरच्याशी बोलायला सोपं जातं.

ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोल्हापूर त्यात नव्हतं, आपला जिल्हा नोव्हेंबर 2013 मध्ये आला. तेव्हा 971 उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाख, आणि फक्त पिवळं-केशरी कार्ड. 2017 मध्ये नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची, पण 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत नाव असणाऱ्यांनाच. 1 एप्रिल 2020 पासून दोन्ही योजना एकत्र चालवल्या गेल्या आणि मिश्र पद्धत आली: दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर, त्यावर पाच लाखांपर्यंतचा भार राज्य आरोग्य हमी सोसायटीवर (योजना चालवणारी सरकारी संस्था). 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने सगळंच मोठं केलं. कार्डाचा रंग कुठलाही असो, शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेलं प्रत्येक कुटुंब पात्र; मर्यादा पाच लाख; जुन्या 1209 च्या यादीतून 181 उपचार काढून 328 नवे घातले, एकूण 1356; मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीचवरून साडेचार लाख. हे प्रत्यक्षात आलं 1 जुलै 2024 ला. त्याआधी, कोरोनाकाळ सोडला तर, पांढऱ्या कार्डाला आपल्याकडे काहीच मिळत नव्हतं (चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा अपवाद होता, त्यात कोल्हापूर नाही). म्हणून आजही गावात "पांढऱ्याला बसत नाही" असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

मग 2025 मध्ये उपचारांची यादी 2399 पर्यंत गेली, आणि पाच लाखांत न मावणाऱ्या नऊ महागड्या उपचारांसाठी वेगळा राखीव निधी ठरला: यकृत प्रत्यारोपणाला 22 लाख, फुफ्फुसाला आणि हृदय-फुफ्फुस एकत्र असेल तर 20 लाख, हृदयाला 15 लाख, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला दात्याच्या प्रकारानुसार साडेनऊ ते 17 लाख, छाती न उघडता हृदयाची झडप बदलण्याच्या टावी आणि टीएमव्हीआर या दोन पद्धतींना 10-10 लाख. बायपास या नऊमध्ये नाही, तिला त्याची गरजही नाही. ती नेहमीच्या पॅकेजात बसते.

इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. पाच लाख हा आकडा जाहिरातीत मोठा छापला जातो, पण रुग्णालयाला पाच लाख कधीच मिळत नाहीत. पाच लाख ही कुटुंबाच्या वर्षभराच्या खर्चाची वरची सीमा. रुग्णालयाला मिळतो तो त्या-त्या उपचाराचा ठरलेला पॅकेज दर. बायपासचा दर लाख-सव्वा लाखाच्या घरात आहे, मग रुग्ण सहा दिवस राहो नाही तर बारा. खाट, नर्सिंग, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण, सगळं त्यातच. घरी परत जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा राज्याच्या योजनेच्या पॅकेजात धरलेलं आहे. मागणारा क्वचित असतो, पण हक्क आहे. म्हणून गुंतागुंत झाली, रुग्ण व्हेंटिलेटरवर लांबला, की रुग्णालयाचा हिशेब बिघडतो. एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया केल्या तर केंद्राच्या नियमाने पहिलीचे शंभर टक्के, दुसरीचे पन्नास आणि तिसरीचे पंचवीस टक्केच मिळतात. शस्त्रक्रिया नसलेल्या आजारांत दिवसाचा दर असतो. केंद्राच्या 2022 च्या यादीत जनरल वॉर्ड 2100, एचडीयू (आयसीयूच्या खालचा, जास्त देखरेखीचा विभाग) 3300, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू 8500 आणि व्हेंटिलेटरसह 9000 रुपये रोज. राजारामपुरीतल्या एखाद्या खासगी आयसीयूचं एका दिवसाचं बिल ज्याने पाहिलंय, त्याला रुग्णालयाची कुरकुर कुठून येते ते कळेल.

त्यावर उशिराची भर. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे क्लेम (रुग्णालयाने योजनेकडे केलेली पैशांची मागणी) सादर झाल्यापासून राज्यातल्या राज्यात 15 दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णाचा 30 दिवसांत निकाली निघायला हवा. कागदावर. यातली मेख अशी की घड्याळ सुरू होतं ते 'पूर्ण' क्लेम गेल्यावर. मधे एक क्वेरी, म्हणजे कागदाची किंवा खुलाशाची मागणी, आली की घड्याळ थांबतं, रुग्णालयाने उत्तर दिलं की पुन्हा चालू. शिवाय विमा पद्धतीत कंपनीने हप्ता आधीच घेतलेला असतो, म्हणून ती क्लेम तपासताना कात्री चालवते. हमी पद्धतीत, म्हणजे भार सोसायटीवर असतो तिथे, पैसा थेट शासनाच्या तरतुदीतून येतो, म्हणून कात्री थोडी बोथट असली तरी निधी कधी वितरित होतो यावर सगळं अडतं. आलेल्या रकमेतून 10 टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर) कापलेला असतो, तो वेगळा. लहान रुग्णालयांचे हिशेबनीस तो 'डिडक्शन' समजून सोसायटीशी पत्रव्यवहार करत बसतात, तर तो प्राप्तिकराच्या वार्षिक विवरणात दिसत असतो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता होतो. मंजूर रक्कम, कापलेली रक्कम आणि टीडीएस असे तीन रकाने वेगळे ठेवले तर अर्धी भांडणं मिटतील.

हे सगळं खरं असलं तरी त्याचा भुर्दंड रुग्णाने भरायचा नाही. रुग्णालयाने अंगीकृत होताना, म्हणजे योजनेशी करार करताना, पॅकेज दर मान्य करून सही केलेली असते.

आता तुमच्या वडिलांच्या बाबतीत पाच लाखांतून 1 लाख 80 हजार वजा करून 3 लाख 20 हजार उरले, असा हिशेब लावण्याआधी थांबा. वय 70 पूर्ण आहे, तेव्हा ते आयुष्मान वय वंदना कार्डाला पात्र आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेली ही सोय उत्पन्न, रेशनकार्ड, शेती, काही न बघता 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला आहे. कुटुंब आधीपासून आयुष्मानच्या यादीत असेल तर ज्येष्ठांसाठी वेगळे पाच लाख, नसेल तर ज्येष्ठांचे म्हणून पाच लाख. दोन्ही बाबतींत सुनेच्या उपचाराशी त्याचा संबंध नाही. मात्र घरात आईही सत्तरीच्या वर असेल तर हे पाच लाख दोघांत मिळून. खासगी मेडिक्लेम असला किंवा ईएसआय म्हणजे कामगार विमा असला (इचलकरंजीतल्या कितीतरी निवृत्त कामगारांचा आहे) तरी चालतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांत असाल तर मात्र दोनपैकी एक निवडावं लागतं. आणि आपल्याकडे सैनिकी परंपरा असलेली गावं भरपूर, तेव्हा हे आधीच ठरवा, खाटेवर पडल्यावर नको.

वय वंदना कार्डाला कागद एकच लागतो, आधार. वय आधारवरच्या जन्मतारखेवरून धरतात. इथे जुन्या माणसांचा हमखास घोटाळा असतो: आधार काढताना अंदाजे वय सांगितलेलं, म्हणून सगळ्यांची जन्मतारीख 1 जानेवारी आणि साल दोन-चार वर्षं पुढेमागे. माणूस खरा 73 चा, आधारवर 69 चा, तर कार्ड निघत नाही. आधी जन्मतारीख दुरुस्त करावी लागते, आणि ते काम दवाखान्याच्या धावपळीत होत नाही. दुसरी अडचण बोटांच्या ठशांची. आयुष्य शेतात गेलेल्यांचे ठसे मशीन घेतच नाही. अशा वेळी ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख हा पर्याय आहे. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा, आणि तो बहुतेक वेळा पुण्याला असलेल्या मुलाचा किंवा बंद पडलेला निघतो. आयुष्मान ॲपवरून घरबसल्या, किंवा सेतू केंद्रात, किंवा अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (रुग्णांच्या मदतीला योजनेने नेमलेला माणूस) कार्ड निघतं.

रुग्णालयात नोंदणी करताना आरोग्यमित्राला स्पष्ट सांगा की नोंद वय वंदना कार्डावर घ्या. रेशनकार्डावर घेतली तर रक्कम कुटुंबाच्या पाच लाखांतून जाते, नंतर बदलणं कटकटीचं. शिल्लक किती आहे ते आरोग्यमित्र त्याच्या स्क्रीनवर पाहून सांगतो. 'वर्ष' म्हणजे योजनेचं पॉलिसी वर्ष, जानेवारी ते डिसेंबर नव्हे.

यानंतरचा खरा कळीचा टप्पा म्हणजे प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी. "योजना चालू आहे का?" हा प्रश्न रुग्णालयात विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर समोरच्याच्या सोयीचं मिळतं. दोन गोष्टी विचारा. पहिली, हे रुग्णालय हृदयशस्त्रक्रियेच्या विशेषतेत अंगीकृत आहे का? अंगीकरण सबंध रुग्णालयाचं नसतं, विशेषतांनुसार असतं. बाहेर योजनेचा फलक आहे, पण ते हाडांच्या आणि सामान्य शस्त्रक्रियेसाठीच अंगीकृत आहे, असं पुष्कळदा निघतं. दुसरी, प्रीऑथ कुठल्या पॅकेज कोडवर पाठवलं आणि त्याची सद्यस्थिती काय? हे विचारलं की समोरच्याला कळतं, माणूस माहितगार आहे.

प्रीऑथ रुग्णालयातला वैद्यकीय समन्वयक पाठवतो. बायपाससाठी अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, टूडी इको, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, हृदयशल्यचिकित्सकाची टिपण आणि खाटेवरचा रुग्णाचा फोटो जोडावा लागतो. अँजिओग्राफी दुसरीकडे झाली असेल तर त्या सीडीचा हट्ट धरून ती ताब्यात घ्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर हमखास क्वेरी येते, मग "सीडी आणा" म्हणून नातेवाईक गडहिंग्लजला परत, त्यात दोन दिवस. क्वेरीचं उत्तर मुदतीत गेलं नाही तर प्रीऑथ नामंजूर होतं, आणि नातेवाइकांना सांगितलं जातं, "योजनेने नाकारलं." प्रत्यक्षात योजनेने कागद मागितलेला असतो. म्हणून नामंजुरीचं कारण लेखी किंवा स्क्रीनवर पाहून घ्या. ते एका ओळीत लिहिलेलं असतं.

प्रीऑथ गेलं की तेवढी रक्कम कुटुंबाच्या शिलकीत अडकते. समजा तुम्ही कंटाळून रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला, तर पहिल्या रुग्णालयाने जुनी नोंद रद्द केली का हे बघून मगच बाहेर पडा. नाहीतर दुसऱ्या ठिकाणी "पेशंट आधीच ॲडमिट दिसतोय" असं येतं, आणि ज्याच्याशी भांडून निघालात त्याच्याच दारात पुन्हा उभं राहावं लागतं. तातडीच्या रुग्णाला मात्र मंजुरीची वाट पाहत ठेवायचं नाही. फोनवर कळवून तात्पुरती मंजुरी घेण्याची सोय पहिल्यापासून आहे, कागद मागाहून देता येतात. हार्ट अटॅकच्या रुग्णाला "आधी रेशनकार्ड आणा" म्हणणं नियमात बसत नाही.

क्लेम कुठे अडकतो हेही नातेवाइकांना माहीत असलेलं बरं, कारण त्याचा ताण शेवटी त्यांच्यावरच येतो. अँजिओप्लास्टीत स्टेंटच्या वेष्टनावरचा बारकोडचा स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला नसतो, किंवा प्रक्रियेनंतरचं चित्रण जोडलेलं नसतं. फ्रॅक्चरच्या केसमध्ये एक्स-रेवर नाव-तारीख नसते, डावा-उजवा पाय कळत नाही, रॉड किंवा प्लेट बसवल्यानंतरचा एक्स-रे काढलेलाच नसतो. आयसीयूच्या केसमध्ये सर्वात जास्त कात्री लागते: दर तासाच्या नोंदींचा तक्ता एका हाताने, एकाच पेनाने, एका बैठकीत भरलेला दिसला की तपासणारा डॉक्टर आयसीयूचे दिवस कापून जनरल वॉर्डचा दर लावतो. 9000 चे 2100 होतात, आणि ते चार दिवसांचे असतील तर रुग्णालयाचे 27,600 गेले. बायपासच्या क्लेमला ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, टाक्यांचा फोटो लागतो. फोटो काढायचा राहून गेला आणि रुग्ण घरी गेला, की मग रुग्णालयातून फोन येतो, "काकांचा छातीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा." पाठवा, त्यात गैर काही नाही. पण "क्लेम रिजेक्ट झाला, आता पैसे तुम्ही भरा" असा फोन आला तर तो मात्र धुडकावून लावा. क्लेम नाकारला जाणं ही रुग्णालय आणि सोसायटी यांच्यातली बाब आहे, मंजूर प्रीऑथवर उपचार घेतलेल्या रुग्णाकडून वसुली करता येत नाही.

कागदपत्रांचं बाकीचं आटोपशीर सांगतो. रेशनकार्डावरचा 12 अंकी ऑनलाइन नंबर लागतो. जुन्या हस्तलिखित कार्डावर तो नसेल तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत मिळवावा. आधारवरचं आणि रेशनवरचं नाव जुळलं पाहिजे. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, आधारवर सासरचं आडनाव, ही कायमची डोकेदुखी. लग्नानंतर पहिल्याच वर्षात नाव कमी-जास्त करून घेतलं तर बाळंतपणात किंवा अपघातात धावाधाव होत नाही. तान्ह्या बाळाचं नाव कार्डावर नसलं तरी अडत नाही: जन्मदाखला, आईवडिलांपैकी एकासोबतचा फोटो आणि त्यांचं कार्ड यावर राज्याच्या योजनेत घेतात.

पैसे मागितलेच तर काय करायचं? पहिला माणूस आरोग्यमित्र; तो रुग्णालयाचा नोकर नसतो, योजनेने नेमलेला असतो, हे लक्षात ठेवून बोला. तो टाळाटाळ करतोय असं वाटलं तर 155388 किंवा 1800 233 2200 हा राज्याचा नंबर आणि 14555 हा आयुष्मानचा. रुग्ण दाखल असतानाच फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि त्यानंतर जिल्हा समन्वयकाकडे जा. वर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती असते. तक्रारीला दोन गोष्टी लागतात: रकमेची पावती आणि रुग्ण योजनेत नोंदला होता त्याचा पुरावा. रोखीने, पावतीशिवाय दिलेल्या पैशांची तक्रार उभीच राहत नाही. ऑनलाइन दिले असतील तर व्यवहाराची नोंद पुरते, म्हणून अगदी द्यायचीच वेळ आली तर यूपीआयने द्या. बाहेरून औषधं आणायला लावली तर मेडिकलची बिलं रुग्णाच्या नावाने घ्या आणि प्रिस्क्रिप्शनची चिठ्ठी परत देऊ नका. पैसे परत मिळवून दिल्याची उदाहरणं बहुतेक अशा बिलांवरचीच असतात. एक बाब मात्र तुमच्या बाजूची नाही: स्वतंत्र खोली हवी म्हणून वरचा फरक भरतो, असं योजनेत चालत नाही. जनरल वॉर्डच. खोली घेतली की योजनेतून बाहेर.

काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत (1356 च्या यादीत असे 119 होते). खासगीत गेल्यावर "हे योजनेत नाही" असं ऐकू आलं आणि सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) तेच होतं असं कळलं, तर त्यात फसवणूक नाही. तो राखीव उपचार असतो. सीपीआरविषयी लोक नाक मुरडतात, पण पैशांच्या बदललेल्या नियमांनी तिथेही फरक पडलाय. सरकारी रुग्णालयालाही क्लेमचे पैसे मिळतात, त्यातला काही भाग औषधं, साहित्य आणि कर्मचाऱ्यांच्या प्रोत्साहन भत्त्याला वापरता येतो. म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी योजनेत नोंद करायला लावली तर नोंद कराच. उपचार तसेही मोफतच होतील, पण नोंदीमुळे रुग्णालयाच्या हातात पैसा येतो आणि पुढच्याला इंजेक्शन बाहेरून आणावं लागत नाही.

पॅकेजातच नसलेला उपचार निघाला तर दोन वाटा. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना धर्मादाय योजनेखाली 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दुसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधी. त्याचा कक्ष 2025 पासून प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आहे, कसबा बावड्यातल्या कुणाला मुंबईला खेटे घालायची गरज उरलेली नाही. मात्र तिथे पहिला प्रश्न असतो, "हा उपचार महात्मा फुले योजनेत बसतो का?" बसत असेल तर तिकडेच पाठवतात.

प्रश्नात नव्हतं, पण गडहिंग्लज-चंदगड-कागलकडच्यांना उपयोगी म्हणून सीमाभागाचं सांगून टाकतो. तिकडच्या बऱ्याच लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळचं. आयुष्मानच्या मूळ यादीतलं कार्ड किंवा वय वंदना कार्ड देशभर चालतं, तेव्हा वडिलांना बेळगावला न्यायचं ठरलं तरी तिथल्या आयुष्मान-अंगीकृत रुग्णालयात मार्ग आहे. केवळ राज्याच्या योजनेतून पात्र असलेल्यांनी मात्र निघण्याआधी 14555 वर विचारूनच निघावं. उलट बाजूने, कर्नाटकातल्या 865 मराठीभाषक गावांना महाराष्ट्राने 2023 मध्ये ही योजना लागू केली आहे. निपाणीकडचा पाहुणा कोल्हापुरात दाखल झाला तर त्याचं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा. शिरोळ-कागलच्या फडात आलेल्या बीडच्या ऊसतोड मजुराचं रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी योजना राज्यभर एकच आहे, कार्डाचा मोबाईलवरचा फोटो आणि 12 अंकी नंबर एवढ्यावर नोंदणीची सुरुवात होते. शिरोली किंवा कागल एमआयडीसीतल्या बिहार, झारखंडच्या कामगाराला त्याच्या गावच्या यादीतलं आयुष्मान कार्ड इथे चालतं.

हायवेवरच्या अपघाताचे नियम आणखी निराळे. राज्याच्या योजनेत अपघातग्रस्ताला माणशी एक लाखापर्यंत उपचार मिळतात, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत अपघात झाला असेल तर जखमी परराज्यातला असला तरी. त्याशिवाय मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: माणशी दीड लाख, अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, नियुक्त रुग्णालयात. तिला रेशनकार्ड लागत नाही, पोलिसांच्या नोंदीची खातरजमा लागते. जीवाला धोका नसेल तर 24 तासांत आणि असेल तर 48 तासांत ती यावी लागते. म्हणून कागलच्या पुलाजवळ गाडी उलटली आणि सगळे जखमीला घेऊन रुग्णालयाकडे पळाले, तरी एकाने 112 ला फोन करून अपघाताची जागा आणि गाडीचा नंबर नोंदवलाच पाहिजे. ती नोंद वेळेत गेली नाही तर रुग्णालय स्थिर करण्यापुरते उपचार करून हात वर करतं, आणि मग पुन्हा राज्याच्या योजनेतून, रेशनकार्डापासून सुरुवात करावी लागते.